सोराची पाळी

दुबलुकच्या खोल विहिरीवर गुरांना पाणी पाजायच्या पाळ्या सोरा दिदा नावाचा म्हातारा लावायचा. तळापासून वरपर्यंत आठ माणसं गात गात बादल्या हातोहात वर देत, तेव्हा कुठे हौद भरायचा. एका कळपाची पाळी दर तिसऱ्या दिवशी. आमच्या बोरान जातीच्या गाई तेवढा तग धरतात, भर उन्हातही चरतात. मांसाचे व्यापारी आमच्या बैलांसाठी मोयालेच्या बाजारात उगाच झुंबड करत नाहीत.

सोराचा उजवा डोळा तरुणपणीच गेला होता. याच विहिरीवर पाळीवरून भांडण झालं आणि शेजारच्या गावच्या हुका बोरू नावाच्या माणसाची काठी डोळ्याला लागली. पुढं पस्तीस वर्षं दोघं बोलले नाहीत.

पाऊस दोनदा चुकला त्या वर्षी हुका तीस गाई घेऊन आला. त्याच्याकडची विहीर ढासळली होती. गाईंना पाणी मिळून पाच दिवस झाले होते.

“आबा, ह्याला आज नाही. परवा बघू,” विहिरीवरची पोरं म्हणाली.

सोरा गाईंमधून हिंडला. एकीच्या मानेखालची लोंबती पोळी त्यानं चिमटीत धरून पाहिली.

“परवा नुसती कातडी उरेल. आज माझी पाळी ना? ती ह्याला.”

“तुझी पाळी नको मला,” हुका म्हणाला.

“तुला कोण देतंय? गाईंना देतोय. तू नको पिऊस हवं तर!”

सोराची बायको ढाकी भडकली. “आणि आपल्या गाईंनी काय तुमचा मोठेपणा चाटायचा?”

“आपल्यांना उद्या पाळ्या सुरू व्हायच्या आधी पाजू, तोवर त्या उभ्या राहतील. त्याच्या नाही राहायच्या.”

तसं तो म्हणाला खरा, पण दिवसभर बाभळीखाली आपल्या गाई मोजत बसला. संध्याकाळी एक म्हातारी गाय खाली बसली, ती उठलीच नाही. ढाकी तिच्या गळ्यावरून हात फिरवत बसली.

सकाळी सोरा कळप घेऊन विहिरीवर आला, तेव्हा तळात, सगळ्यात कष्टाच्या जागी, हुका उभा होता. साठीला आलेला माणूस. शेवटचं वासरू पिऊन होईपर्यंत तो हलला नाही. वर येऊन धापा टाकत सोराजवळ बसला.

“डोळा दुखतो?”

“थंडीत.”

“हं.”

पाऊस पडल्यावर हुका आपल्या गावी परतला. जाताना एक पांढरी कालवड सोराच्या कुंपणात सोडून गेला. सोरा ती परत पाठवायला निघाला, तर ढाकी दारातच आडवी आली.

“मोठेपणा तुमचा, कालवड माझी.”

पुढं नऊ वर्षं सोरानं पाळ्या लावल्या. त्याच्या निर्णयावर कुणी काठी उचलली नाही.