गंगाजल प्यालेली बॅटरी

मी गुरांचा डॉक्टर. लढाई संपली त्या सुमारास माझी नेमणूक निपाणीच्या गुरांच्या दवाखान्यात होती, आणि आसपासची तीसेक गावं माझ्याकडं होती. सायकलीवरून गुडघे झिजवण्यापेक्षा बरं म्हणून मी बेळगावच्या कॅम्पातल्या लष्करी लिलावात एक मोटारसायकल घेतली. डाव्या बाजूला जोडगाडी, म्हणजे साइडकार होती, तिच्यात एक माणूस ऐसपैस बसे. रंग मातकट, आवाज दणदणीत, आणि खोड एकच. ती सुरू होत नसे.

किक पायानं मारायची असली तरी ठिणगी बॅटरीची लागे, आणि बॅटरी अशक्त होती. सकाळी पंचवीस-तीस किका मारल्यावर माझा श्वास सुटायचा, गाडीचा अडकलेलाच राहायचा. मग ढकलणं. ढकलायला माणसं मिळेनात तेव्हा मी उतार शोधायला लागलो. गाडी चढावर तोंड करून कधी लावायची नाही, हा नियम झाला. पुढं पुढं मी माणसंही उतारावरूनच ठरवू लागलो. सपाट जागेवर राहणाऱ्या एका जिवलग स्नेह्याकडं वर्षभर गेलो नाही, आणि टेकाडावरच्या एका तिरसट वकिलाकडं आठवड्यातून दोनदा चहाला जाऊ लागलो. त्याला वाटलं, मला त्याचं बोलणं आवडतं.

खेड्यात गाडी बंद पडली की माझेच रोगी मला ओढत. बैल जुंपायचे, दोर बांधायचा, आणि गुरांचा डॉक्टर गुरांच्या मागं बसून गावाबाहेर पडायचा. शेतकरी तपासायला पुढं येत. एकजण टाकीला कान लावून म्हणाला, "डाक्टर, पोट फुगलंय ह्येचं. डाग द्या की वो." दुसऱ्यानं चाकाखाली वाकून बघितलं आणि गंभीरपणानं विचारलं, "चारा काय घालताय?"

शेवटी मी स्वतः इलाज सुरू केला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी जमली होती. ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, तारा घट्ट आवळल्या, वर व्हॅसलीन चोपडलं. दुसऱ्या दिवशी गाडी पाचव्या किकेला सुरू झाली. मी घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या संध्याकाळी जेवताना मी आईला म्हणालो, "बॅटरी मरायला टेकलीय. आत पाणी आटलंय. साधं पाणी चालत नाही, एकदम शुद्ध लागतं. उद्या माणसांच्या दवाखान्यातून मागून आणतो आणि तोंडात घालतो."

आईनं मला आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाटली घेऊन घरी आलो तर आई मोटारसायकलीजवळ पदर खोचून उभी होती. बॅटरीची तिन्ही बुचं काढून ओळीनं मांडली होती, आणि शेजारी देवघरातला तांब्याचा गडू आडवा पडला होता. वडिलांनी काशीहून आणलेला, लाखेनं तोंड बंद केलेला गडू. तो तिनं स्वतःच्या शेवटच्या घटकेसाठी जपून ठेवला होता. दर दिवाळीला चिंचेनं घासायची, पण लाखेला नख लावू द्यायची नाही.

"आई, हे काय केलंस?"

"तूच म्हणालास न्हवं, मरायला टेकलीय म्हणून? शुद्ध पाणी म्हणालास. ह्याच्यापेक्षा शुद्ध कुठलं आणणार होतास रं?"

"अगं, पण तुझ्यासाठी..."

"मी कुठं आज मरायलोय? तिला आधी गरज होती."

हसू आवरत मी बुचं परत लावली. मी किक मारली. काहीच झालं नाही. आई म्हणाली, "शांत झाली." तिच्या दृष्टीनं सगळं रीतसर पार पडलं होतं.

आता बेळगावच्या मिस्त्रीला दाखवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी बॅटरी सोडवून टोपलीत ठेवली, तर आईही लुगडं बदलून तयार. आत गंगा आहे, ती वाटेत सांडता कामा नये, म्हणून ती बरोबर येणार. बस कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. कंडक्टरनं टोपलीकडं बोट दाखवून विचारलं, "काय हाय त्यात?"

"आजारी हाय," आई म्हणाली. "दवाखान्याला चाललंय."

त्यानं पुढं काही विचारलं नाही, उलट समोरच्या म्हाताऱ्याला पाय जवळ घ्यायला लावले. तवंदीच्या घाटात बस दमली. सगळ्यांना उतरून ढकलायला सांगितलं. मीही उतरलो; ढकलण्यात त्या बसमध्ये माझ्याइतका अनुभवी कोणी नव्हता. आई मात्र आत एकटी बसून राहिली, दोन्ही पायांत टोपली घट्ट धरून.

मिस्त्रीचं दुकान कॅम्पाच्या कडेला होतं. त्यानं रबरी फुगा लावलेल्या काचेच्या नळीनं तिन्ही खान्यांतलं पाणी ओढून बघितलं. नळीतला तरंगणारा काटा तळाला बसला होता.

"पाणी कुठलं घातलं डॉक्टर?"

मी आईकडं बघितलं. आईनं सांगितलं.

मिस्त्रीनं नळी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. "आजी, पट्ट्या आतून कधीच सडून गेल्यात. दोन खाने तर तुम्ही घालायच्या आधीच गेले होते. मुक्ती मिळाली म्हणा."

पण पुढचा पेच मोठा होता. त्यातलं पाणी ओतायचं कुठं? गटारात आई ओतू देईना. तुळशीत घालावं तर त्यात तेजाब, तुळस जळेल. शेवटी मिस्त्रीनं मातीच्या कुंडीत ते ओतलं आणि तेजाब मरावं म्हणून मूठभर धुण्याचा सोडा टाकला. त्याबरोबर पाणी खदखदून वर आलं, फेस काठावरून उतू गेला. आईनं हात जोडले. मिस्त्रीनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि पायातली चप्पल काढून त्यानंही जोडले. नंतर दुकानामागं खड्डा खणून कुंडी तिथं रिकामी केली.

नवी बॅटरी म्हणून त्यानं लष्करी लॉरीची काढली. "व्होल्ट तेवढेच, सहा. फक्त पोट मोठं." पोट इतकं मोठं की ती गाडीच्या कुठल्याच कोनाड्यात मावेना. मिस्त्री निपाणीला येऊन ती जोडगाडीच्या आसनावर पट्ट्यानं बांधून गेला, जाड तारा ओढून गेला. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली, दिवा डोळे दिपवील असा लागला. पण जोडगाडीत बसायला जागा उरली नाही. आई माझ्या मागं बसायची आणि बॅटरी शेजारून ऐटीत यायची. वाटेतले लोक बॅटरीला आधी नमस्कार करायचे की काय, असा मला संशय येई.

दीड वर्षानं माझी बदली खानापूरला झाली. जांबोटीकडच्या रानवाटांवर ती गाडी काही कामाची नव्हती, म्हणून विकायला काढली. सदलग्याचा एक तंबाखूचा व्यापारी बघायला आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सुरू करून दाखवायला सांगितली, लगेच म्हणाला, "बास. बंद करा. घेतली." आणि पान्यानं बॅटरी सोडवू लागला.

"अहो, आणि गाडी?"

"गाडी काय करू? माझ्याकडं घोडा हाय. रेडिओ आणलाय नवा, आमच्याकडं अजून लाईट न्हाई. ह्येच्यावर लई दिवस वाजंल."

तो बॅटरी कडब्यात ठेवून बैलगाडीतून घेऊन गेला. आठ दिवसांनी त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. सोप्यात निम्मं गाव जमलं होतं. आईला पुढं खुर्ची दिली. बातम्या इंग्रजीत चालल्या होत्या, ओ की ठो कुणाला कळत नव्हतं, पण सगळे मान डोलवत होते. बातम्या संपल्यावर आई त्या व्यापाऱ्याला म्हणाली, "बोलतोय चांगला. पण ह्याला जरा सावकाश बोलाय सांग की."

"सांगतो, आक्का," तो म्हणाला, आणि उठून रेडिओचा आवाज कमी करून आला.