बोनस रेषेपर्यंतची पाच पावलं

सहादेव तात्यांना आमच्या पंचक्रोशीत 'टेप' म्हणतात. कर्जत तालुक्यात गावोगावी कबड्डीची मैदानं त्यांनीच आखलेली. फुटक्या डब्यातून पांढरी फक्की सोडत चालायचं, मागं वळून बघायचं नाही, तरी रेघ सरळ. मुलींच्या मैदानात मध्यरेषेपासून बोनस रेषा चार मीटरवर. म्हणजे तात्यांची पाच पावलं. एकदा तालुक्याच्या पंचांनी हट्टानं मोजून पाहिलं, बोटाचाही फरक निघाला नाही. तेव्हापासून मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मी शाळेचा क्रीडाशिक्षक, खरं तर ते माझंच काम. पण माझं पोट पुढं आलेलं आणि वाकायचा कंटाळा. शाळेचा मोजायचा टेप कपाटातच राहिला.

चार वर्षांपूर्वी तात्या मोटारसायकलवरून घसरले. उजवा गुडघा नीट वाकेना. तरी दोन महिन्यांत डबा घेऊन मैदानावर हजर.

आमच्या शाळेच्या संघातली ज्ञानेश्वरी त्यांनीच आखलेल्या मैदानावर तयार झाली. चढाईला गेली की बोनसचा गुण घेतल्याशिवाय यायची नाही. रेषेपलीकडं एक पाय टेकवायचा, दुसरा हवेत, आणि निसटायचं. घरच्या मैदानावर आम्ही कुणाला जुमानत नव्हतो. बाहेर हरलो की पंचांच्या नावानं बोटं मोडायचो.

यंदा पोरी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. नगरला, वाडिया पार्कात. ज्ञानेश्वरी तीनदा बोनसला गेली आणि तीनदा पंचांनी नकाराची मान हलवली. पाय रेषेच्या अलीकडंच पडत होता. आम्ही एका गुणानं हरलो.

"सर, माझ्यामुळं गेलं," ती म्हणाली. "मला अंदाजच न्हाई. मी आता खेळत न्हाई." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मैदान रिकामं झाल्यावर, आमच्याबरोबर सामना बघायला आलेले तात्या मध्यरेषेवर उभे राहिले आणि चालू लागले. पाच पावलं झाली तरी रेषा हातभर लांबच.

"यांची रेघ चुकलीय," ते माझ्यावरच खेकसले. मी हसलो. येताना गाडीत मात्र ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. उतरताना एवढंच म्हणाले, "सर, सकाळी टेप आना."

सकाळी आम्ही शाळेचं मैदान मोजलं. चार मीटरला हातभर कमी. गुडघा आखडला तसं पाऊल आखडलं होतं, आणि पावलाबरोबर मैदानही. चार वर्षं पोरी त्या आखूड मैदानावर घाम गाळत होत्या.

तात्यांनी सगळ्या पोरींना बोलावलं. ज्ञानेश्वरी येत नव्हती, तर तिच्या दारात जाऊन तिला घेऊन आले. ज्या माणसाला अख्खा तालुका टेप म्हणतो, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरी, तुझा पाय न्हाई चुकला. तू माझ्या रेघेवर शिकलीस. माझं पाऊल चुकलं."

तिनं त्या रेघेकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. "सर, तुमी कधीच मोजलं न्हाई?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलले, "सरांचा माझ्यावर इश्वास हुता."

कुणी एवढं सांभाळून घेतल्यावर गप्प बसणं सोपं असतं. मी आयुष्यभर तेच केलंय. पण समोर ती पोर उभी होती, आणि काल तिनं सगळा दोष स्वतःवर घेतला होता.

"विश्वास नव्हता, ज्ञानेश्वरी," मी म्हणालो. "कंटाळा होता."

तिनं पायानं जुनी रेघ पुसून टाकली. तात्यांच्या हातात फक्कीचा डबा दिला, टेपचं एक टोक स्वतः घेतलं आणि दुसरं माझ्या हातात कोंबलं.

"मध्यरेषेवर धरा, सर," ती म्हणाली. "वाका."