तुम्हाला इथे कोणी पाठवलं?

वसईजवळच्या गिरीजला आमचं घर वाडीत शिरणाऱ्या वाटेच्या पहिल्या वळणावर आहे. आमच्या आळीत एकाच नावाआडनावाची इतकी माणसं आहेत की पाकिटावर नाव लिहिणं हा निव्वळ उपचार. चुकलेली माणसं आमच्या ओट्याशी येऊन थांबतात. आई तिथे केळीची पानं पुसत बसलेली असते. कुणाकडे जायचंय, हे ती आधी विचारत नाही. विचारते, "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?" पाठवणारा कळला की हवं असलेलं घर तिला कळतं. मग पाहुण्याला वाटेला लावून ती पाठवणाऱ्याला फोन करते, म्हणजे पुढचा पाहुणा चुकत नाही.

मी औषधं साठवून देशभर पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचं काम करतो, बहुतेक दिवस घरूनच. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. आपण मात्र त्याला नावाने हाक मारतो. कुठल्या नावाचा कुठला क्रमांक, हे सांगणाऱ्या यंत्राला डीएनएस सर्व्हर म्हणतात. म्हणजे आमचा ओटाच, फक्त वातानुकूलित.

मध्यंतरी मुख्य कार्यालयाने असे सगळे सर्व्हर एका शिस्तीत आणायचं ठरवलं. मोहिमेला भारदस्त नाव मिळालं, बोधचिन्ह तयार झालं, आणि त्यानंतर सर्व्हरची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी संचालक एक बटण दाबणार होते. त्यानंतर यादीत नसलेल्या सर्व्हरची उत्तरं नेटवर्कवर अडवली जाणार होती.

सोमवारी आमच्या भिवंडीजवळच्या शीतगोदामाच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"साहेब, शुक्रवारनंतर माझी घंटा वाजणार ना?"

त्यांच्या शीतगृहात इन्सुलिन असतं. तापमान वाढलं की भिंतीवरचा एक डबा त्यांच्या मोबाइलवर घंटा वाजवतो. ती वाजली नाही तर सगळा साठा फेकायचा, आणि जाब त्यांनी द्यायचा.

"वाजायला हवी," मी म्हणालो.

"हवी तर आमच्या कार्टीला गणितात पासही व्हायला हवं. वाजणार का, ते सांगा."

घंटा वाजवण्याआधी डबा कुठल्यातरी सर्व्हरला क्रमांक विचारणार, आणि तो सर्व्हर यादीत आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक शाखेला मी विचारलं होतं, तुमच्याकडे असा सर्व्हर आहे का? बहुतेकांनी नाही म्हणून कळवलं. काहींनी असल्यास कळवू असं कळवलं. एका शाखेने प्रिंटरचा फोटो पाठवला.

बुधवारी दुपारी कुरिअरवाला ओट्याशी आला. मोबाइलवरचा नकाशा त्याला छातीठोकपणे आमच्या दारात घेऊन आला होता. खिडकीतून आईचा नेहमीचा प्रश्न ऐकू आला, आमच्या घरच्या बोलीतला. तो मी जन्मभर ऐकत आलोय. त्या दुपारी मात्र खुर्ची मागे सारून मी व्यवस्थापकांना फोन लावला.

"सर्व्हर कुठे आहे ते राहू द्या. तुमचा डबा नावाचा क्रमांक कुणाला विचारतो, तेवढं त्याच्या सेटिंगमध्ये बघा."

त्यांनी क्रमांक वाचून दाखवला. तो त्यांच्याच राउटरचा निघाला. राउटर पुढे आणखी एका यंत्राला विचारत होता, आणि ते यंत्र होतं वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या जुन्या कार्यालयात. तिथे आता कुणी बसत नाही. कंपनीचं समारंभाचं सामान असतं. मी स्कूटर काढली.

लाल गालिचा, पितळी समया, हसऱ्या संचालकांचे फलक बाजूला केल्यावर टेबलाखाली एक जुना संगणक घरघरत होता. त्यावर चिकटपट्टी होती: 'बंद करू नये.' खाली सही नव्हती. तो कुणी बसवला, हे आजतागायत कळलेलं नाही. जो कुणी असेल, त्याने मागून येणाऱ्यांची काळजी घेतली होती. इतकी वर्षं विचारणाऱ्याला उत्तर मिळत राहिलं, आणि त्यासाठी कुणी फीत कापली नव्हती. मी रुमालाने संगणकाची धूळ पुसली.

त्याच्याकडे कोण कोण विचारायला येतं, हे पाहिल्यावर आणखी काही विसरलेले सर्व्हर सापडले. गोदामाचा डबा आणि राउटर मी यादीतल्या नव्या सर्व्हरकडे वळवले, यादी सुधारली आणि मुख्य कार्यालयाला पाठवली. शुक्रवारी टाळ्यांच्या गजरात बटण दाबलं गेलं. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. खरं काम शेजारच्या खोलीत एका मुलीने केलं. मी फोन कानाला लावून होतो. पलीकडे व्यवस्थापक शीतगृहातल्या तापमापकाचं टोक गरम व्हावं म्हणून मुठीत धरून उभे होते.

"वाजली," ते म्हणाले. "हात बधिर झालाय, पण वाजली."

पुढच्या रविवारी, आम्ही चर्चमधल्या मिस्सावरून येऊन बसलो होतो, तेव्हा ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ओट्याशी बिचकत थांबले. आईने सवयीने विचारलं, "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?"

"तुमच्या मुलाने पत्ता दिला."

"मग बरोबर आलात," आई म्हणाली, आणि पानांचा भारा सरकवून तिने त्यांना बसायला जागा केली.