मोटरीवरचा हात

काल एका पॅनेलचं दार उघडलं आणि कापसाच्या तापलेल्या धुळीचा वास आला, तशी हिंगणघाटची ती जिनिंग आठवली. तिथल्या मोटरींचा वेग ठरवणारे ड्राइव्ह इथरनेटनं कंट्रोलरला जोडायला मी गेलो होतो. तोवर वेग लावायचे तिथले म्हातारे फिटर काका. मोटरीवर तळहात ठेवून ते ड्राइव्हवरचा नॉब फिरवायचे. वेगातला केसभर फरकही त्यांच्या हाताला कळायचा. एकेका मोटरीचा वेग त्यांनीच मला सांगितला, मी तो प्रोग्रॅममध्ये भरला. शेवटच्या दिवशी सगळं स्क्रीनवरून सुरू झालं. काकांनी सवयीनं नॉब फिरवला आणि मोटरीवर हात ठेवून विचारलं, "झाली का गा थोडी कमी?" नॉब आता नुसता शोभेला होता, स्क्रीनवरचा आकडा हललाही नव्हता. मी म्हणालो, "हो काका, झाली." "मंग ठीक हाय," म्हणत त्यांनी दुपट्ट्याला हात पुसला आणि बाहेर सरकीच्या ढिगापाशी जाऊन बसले. पुन्हा ते मशिनीजवळ आले नाहीत. मी त्यांचं मन राखलं, असंच इतकी वर्षं मला वाटत होतं. काल लक्षात आलं, मी 'हो' म्हणालो तेव्हा त्यांचा हात मोटरीवरच होता.