आंब्याच्या शेडातली खाण

रत्नागिरीत मला सगळे वायरमन म्हणतात. कागदावर मी कोणीच नाही. शाळा आठवीत सुटली. दिवाळीच्या आसपास आईवडील ऊसतोडीला निघायचे, मी त्यांच्याबरोबर. एका वर्षी परत आलो तर वर्गात माझ्या जागेवर दुसराच कोणीतरी बसलेला. त्याला ‘ऊठ’ म्हणायचा धीर झाला नाही. घरी आलो तो आलोच. ऐन बोलायच्या वेळी जीभ टाळूला चिकटते, हा माझा तेव्हापासूनचा रोग. ही हकिगतही मुळात त्या रोगाचीच आहे, नाण्यांची नंतर.

बीडहून इतक्या लांब आलो तो हायवेच्या कामावर. ठेकेदार एका सकाळी जेसीबीसकट गायब झाला. मी तापानं फणफणलेला, एका आंब्याच्या बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून बसलो होतो. बागेचे मालक आले. आयुष्यभर बोटीवर इंजिनखात्यात नोकरी करून घरी बसलेले गृहस्थ. म्हणाले, “मरायचं असेल तर गडग्याच्या पलीकडे मर, मेल्या. आणि जगायचं असेल तर पंपाचा स्टार्टर बिघडलाय, तो बघ.” मी स्टार्टर बघितला. त्यांच्या बायकोनं पेज दिली, वर लोणच्याची फोड. त्याला सहा वर्षं झाली. ते आता माझे काका, त्या काकी. आंब्याच्या शेडाला लागून जांभ्या चिऱ्याची एक खोली आहे, तिथं मी राहतो. बागेची राखण करतो, फवारणीचा पंप सांभाळतो, घरातले मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. आई अजून फोनवर विचारते, “त्यांना काय पाहिजे रं तुझ्याकडून?” तिला सांगून पटत नाही. मलाही रोज सकाळी उठल्यावर थोडा वेळ पटत नाही.

काकांना एकच मुलगी, ठाण्याला दिलेली. तिचा नवरा म्हणजे या घरचे जावई. ते कुठल्याशा कंपनीत असतात. काय करतात ते काकींनाही सांगता येत नाही, “लॅपटॉपवर असतात” एवढंच सांगतात. जावई आले की पहिली पेटी त्यांच्यासाठी फुटते, त्यांच्याआधी कोणी पानावर बसत नाही आणि त्यांना कोणी ‘नाही’ म्हणत नाही. हा शेवटचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण घराच्या वाशांपेक्षा तो पक्का आहे.

तर दोन वर्षांमागच्या मे महिन्यात जावयांनी सहा आंबे खाऊन हात धुतले आणि पडवीत पाय पसरून म्हणाले, “बाबा, बिटकॉइन हे मोठ्यांचं काम. आपण छोटी नाणी खणायची. आल्टकॉइन.”

“खणायची म्हणजे कुदळीनं?” काकांनी विचारलं.

“कॉम्प्युटर गणितं सोडवतो. सुटलं की नाणं मिळतं.”

“एकट्याला?”

“एकट्याला कुठलं मिळतंय! जगभरचे लोक एकत्र येऊन खणतात. सापडलं की वाटणी.”

“म्हणजे रापण!” काका ताठ बसले. आमच्याकडे किनाऱ्यावर सगळे मिळून जाळ्याची दोरी ओढतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा मिळतो, ती रापण. जावयांनी रापण कधी बघितली नव्हती, पण ते लगेच म्हणाले, “अगदी तेच.” त्या क्षणी काकांच्या डोक्यात नाण्यांना कल्ले फुटले.

जावयांनी कागदावर गणित मांडलं. विजेच्या रकान्यात बागेच्या पंपाचा, शेतीचा दर होता. मी कोपऱ्यात मिक्सर उघडून बसलो होतो. कशीबशी जीभ सोडवून म्हणालो, “साहेब, पंपाच्या कनेक्शनवर ते चालवता येत नाही. दंड होतो.”

“तू कितवी शिकलास?”

“आठवी.”

“झालं तर मग.”

मी मिक्सरमध्ये डोकं घातलं. काका बोटीवरचे असल्यामुळे फ्यूज या वस्तूला थोडा मान देतात, म्हणून त्यांनी शेडाला वेगळा मीटर घेतला, रीतसर, महागातल्या दराचा. मात्र कागदावरचा आकडा बदलायचं कोणाला सुचलं नाही. वीज एका दरानं जळत होती आणि नफा दुसऱ्या दरानं होत होता.

सुरुवात करण्यापूर्वी कौल लावायचा ठरला. इथं विहीर खणायची असो की मुलीचं स्थळ बघायचं असो, ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी नारळ धरून मागं उभा होतो. गुरवानं घसा साफ केला, “बा देवा महाराजा, तुझ्या लेकराच्या जावयानं काम आणलंय. ते चालू करू काय? आज्ञा असेल तर उजवा दे.” सगळे म्हणाले, “होय महाराजा.” थोड्या वेळानं उजवी पाकळी पडली.

देवाची काही चूक नाही. काम चालू करू काय, असं विचारलं. तो म्हणाला करा. परवडेल काय, हे त्याला कोणी विचारलंच नाही.

मशीनं आली. लोखंडी घोडीवर ओळीनं मांडलेली आठ जुनी ग्राफिक कार्डं. स्वस्तात मिळाली म्हणून जावई खूष होते. ज्यांनी विकली ते का विकतायत, हेही कोणी विचारलं नाही. हंगाम संपून शेड रिकामं झालं होतं, खाली आंबे पिकवायचा भाताचा पेंढा तसाच होता. तो मी बाहेर काढला, नाहीतर पहिल्याच दिवशी नाण्यांबरोबर आम्हीही पेटलो असतो. बटण दाबलं. आठही पंखे असे घोंघावले की गडग्यावरचे कावळे उडाले. काकींनी हळदकुंकू वाहिलं. जावयांनी स्टेटस ठेवलं.

पुढचे चार महिने मी त्या गोंगाटाला लागून झोपलो. समुद्राची हवा तांब्याला चाटून जाते, तिथं हिरवं चढतं. मी ब्रशनं घासायचो. पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जायची, आली की मशीनं पुन्हा चालू करायची, आणि ती व्हायच्या आत ठाण्याहून फोन, “ऑफलाइन का दिसतंय?” मी म्हणायचो, “साहेब, सगळी रत्नागिरीच ऑफलाइन आहे.” हे फोन ठेवल्यावर म्हणायचो.

नाणीही किती बदलली! एकावर कुत्र्याचं तोंड, एकाचं नाव औषधाच्या गोळीसारखं. ज्याला भाव आला, ते खणायला सगळं जग धावायचं, की वाट्याला येणारा तुकडा बारीक व्हायचा. तोवर भावही उतरायचा. मग जावई दुसरं नाणं लावायला सांगत. काकी एकदा शेजारणीला म्हणाल्या, “रापणीत दोरी ओढली तर निदान दोन बांगडे हातात घेऊन माणूस घरी येतो गो बाई. इथं काय येतं?” येत काहीच नव्हतं, कारण ठरावीक साठा झाल्याशिवाय नाणी काढता येत नव्हती, आणि साठा झाला तेव्हा जावई म्हणाले, आत्ता विकायचं नाही, होल्ड करायचं.

“होल्ड म्हणजे?” काकींनी मला विचारलं.

“विकायचं नाही, ठेवून द्यायचं.”

“आंबा ठेवून दिला की कुजतो, एवढं मला माहीत आहे.”

शेडातून खरोखर निघालेली वस्तू एकच, ती म्हणजे उष्णता. भर पावसात, कोकणात घरोघरी ओले कपडे आंबत होते तेव्हा आमच्याकडे लुगडी कडकडीत वाळत होती. काकींनी मशिनांसमोर दोऱ्या बांधल्या. मग आमसुलं पसरली. शेजारणी बादल्या घेऊन यायला लागल्या. जगाच्या नव्या अर्थव्यवस्थेवर आळीभरच्या गोधड्या सुकत होत्या. काका पाहुण्यांना मात्र ‘आमची खाण’ असंच सांगायचे.

मी रोज सकाळी मीटर वाचायचो. सवयच ती. आंब्याच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण माझ्या खोलीच्या भिंतीला टांगलं होतं, त्यावर मार्करनं आकडा लिहायचो, आठवड्याला बेरीज मारायचो. जावई आठवड्याला किती नाणी जमली ते कळवायचे, तेही शेजारी लिहायचो, खाली एकूण. ऑक्टोबरपर्यंत ते झाकण भरलं आणि आठवीत शाळा सुटलेल्यालाही दिसावं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की आपण चार रुपयांची वीज जाळून एक रुपयाचं नाणं खणतोय, आणि तो रुपयाही होल्डवर आहे. हे मला माहीत होतं, झाकणाला माहीत होतं. तोंड कोणीच उघडलं नाही.

मग दसऱ्याला जावई आले आणि म्हणाले, “बाबा, मशीनं कमी पडतायत. आठानं काही होत नाही, चाळीस पाहिजेत.”

पैसे कुठून आणायचे, तेही त्यांनी ठरवून आणलेलंच होतं. मोहर यायच्या आधी बाग खंडानं द्यायची. म्हणजे व्यापारी पाच वर्षांचे पैसे एकदम मोजतो आणि पाच वर्षं झाडं त्याची. काका म्हणाले, “होय.” काकी उठून आत गेल्या. त्यांनी भांडं आपटलं नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

व्यापारी आला, बाग फिरला. माझ्या खोलीत डोकावून म्हणाला, “ही पण रिकामी लागेल हां. माझे राखणीचे नेपाळी असतात.” काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते बघतील तर काय करू, याचीच मला भीती होती.

पुढचे तीन दिवस मी जेवलो असेन, आठवत नाही. बोलायला हवं, हे कळत होतं. पण मी काकांच्या बागेसाठी बोलणार की माझ्या खोलीसाठी? ज्यांनी तापातल्या माणसाला उचलून आणलं, त्यांना ‘तुम्ही मूर्खपणा करताय’ असं त्यांच्याच पेजेवर वाढलेल्यानं कसं सांगायचं? आणि सांगितलं की जावयांच्या विरोधात गेला म्हणून बाग राहूनही खोली जाणार. सगळ्या बाजूंनी मीच बाहेर दिसत होतो.

सोमवारी काका म्हणाले, “नारळ घे. कौल लावून येऊ. मग सही.”

मी नारळ घेतला. आणि का ते आजही सांगता येत नाही, भिंतीवरचं झाकण काढून काखेत मारलं.

देवळात आम्ही तिघेच. गुरवानं पाकळ्या भिजवल्या, उजवीकडे लावली, डावीकडे लावली. “हां, काय विचारायचं?”

काका म्हणाले, “जावयाचं काम वाढवायचं आहे. वाढवू काय, विचार.”

गुरवानं हात जोडले. “बा देवा महाराजा...”

“थांबा,” मी म्हणालो. देवळात आवाज घुमतो, त्यामुळे तो माझ्यापेक्षा मोठा वाटला. “देवाला नीट विचारा. एवढी वीज घालून एवढं मिळतं, तर बाग देऊ काय, असं विचारा.” आणि झाकण पुढं केलं. गुरवानं ते दोन्ही हातांनी धरलं.

गुरवानं वाचलं. वरून खाली, परत वर. त्याच्या घरी दोन पंखे आणि एक टीव्ही, पण बिल त्यालाही येतं. “हे महिन्याचं?”

“आठवड्याचं.”

“आणि हे मिळालेलं?”

“ते चार महिन्यांचं.”

गुरव काकांकडे वळला. “काका, मी विचारतो. माझं काय जातंय? पण हे वाचून दाखवलं तर पाकळी पडायची नाही, देवच देवळातून उठून जाईल.”

काकांनी झाकण घेतलं. चष्मा लावला. बोटीवर लॉगबुक वाचत असतील तसं एकेक ओळ बोट ठेवून वाचलं. मी देवाच्या पायाशी बघत होतो आणि मनात सामान भरत होतो. एक ट्रंक, एक मल्टिमीटर, काकींनी दिलेली गोधडी. गोधडी न्यावी की ठेवावी, यावर अडलो होतो.

“हे तू कधीपासून लिहितोयस?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि बोललास आज.”

“होय.”

“शिंच्या,” काका म्हणाले. गुरवाला दक्षिणा दिली आणि निघाले. पाकळ्या तशाच चिकटलेल्या राहिल्या, दोन्ही.

वाटेत फोन वाजला. काका गडग्याशी थांबले, तापात मी टेकलो होतो तिथंच. फोन स्पीकरवर होता, त्यांना कमी ऐकू येतं. जावई म्हणाले, “काय बाबा, काय म्हणाला देव?”

काकांनी एक श्वास घेतला. “डावा दिला.”

“पण मागच्या वेळी तर उजवा...”

“तेव्हा दिला होता. आता नाही म्हणतो. माझं काय नाही हो, माझी तयारी होती. देवापुढं काय चालणार?”

“तो वायरमन होता ना तिथं? त्याला द्या.”

फोन माझ्यासमोर आला. काका दुसरीकडे, झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते.

“काय रे, डावी पडली?”

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ अडखळली नाही. “होय साहेब. लगेच पडली.”

जावयांनी दिवाळीनंतर टेम्पो पाठवून मशीनं नेली. ठाण्यात कोणाला तरी विकली म्हणतात. होल्ड केलेल्या नाण्यांचं काय झालं, ते या घरात कोणी विचारत नाही. जावयांसाठी पहिली पेटी अजून फुटते. काकींना तेवढं त्या आमसुलांचं वाईट वाटतं.

त्या दिवशी फोन ठेवून काका घराकडे वळले, चार पावलं गेले आणि मागं न बघता म्हणाले, “वरच्या अंगाला गडगा ढासळलाय. डुकरं येतील. उद्या चिरे लावून घे. आणि ते झाकण जाळू नकोस, परत टांग तिथंच.”

मी झाकण परत टांगलं. ट्रंक उघडलीच नव्हती, तरी ती एकदा उघडून बंद केली.