दोन बरण्या

आमच्या खिडकीत लोणच्याच्या दोन सारख्या बरण्या आहेत. गेल्या वर्षी लोणच्याला बुरशी आली, तेव्हा सासूबाईंनी माझ्या मुलीवर, गौरीवर, ठपका ठेवला. पाळीत तिनं बरणीला हात लावला होता. तेव्हापासून ती लोणचं पानातही घेत नव्हती.

यंदा मी एकाच परातीतलं लोणचं दोन बरण्यांत भरायचं ठरवलं. मीठ, तेल, जागा, सगळं एक. फरक एवढाच, की एक बरणी पाळी चालू असताना गौरीनं भरली. कुठली, ते बुडाखालच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

आज दोन महिन्यांनी सासूबाईंनी दोन्हींतलं चाखलं.

"हिची कुठली?"

"तुम्हीच ओळखा, आई."

त्यांनी पुन्हा वास घेतला, पुन्हा चाखलं. "नाही बाई ओळखू येत. पण एका वर्षाचं काय घेऊन बसलीस? पुढच्या वर्षी परत घालून बघू."

मला रागच आला. मग वाटलं, मी तर निकाल आधीच मनात लावून बसले होते. गौरीच्या बरणीतलं लोणचं बिघडलं असतं, तर चिठ्ठी दाखवली असती का मी? एकदाच बघून थांबायचं, तर ते नुसतं भांडण जिंकणं झालं.

"चालेल, आजी," गौरी म्हणाली. "पण तोवर मी खाणार." आणि तिनं दोन्ही बरण्यांतल्या फोडी पानात वाढून घेतल्या.