काल दुपारी बाई एकट्या होत्या

डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. "इथे बघा. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलीय. नस दाबली जातेय. आता शेकण्या-चोळण्यानं भागायचं नाही, ऑपरेशन करावं लागेल."

माझी पत्नी मालती शेजारी उभी होती. तिला त्या फिल्ममध्ये काही कळलं नाही. मला लगेच कळलं. मी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. उंच, तिरप्या टेबलावर वाकून नकाशे काढण्यात बावीस वर्षं गेली होती. रेषा कुठे तुटली आहे ते मला शोधावं लागत नाही.

या आजाराला प्रोलॅप्स्ड डिस्क म्हणतात. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते, ती सरकून मागच्या नसेवर रेलते. माझी सुरुवात डाव्या मांडीतल्या कळेपासून झाली. पुढे शिंकलो तरी पायाच्या अंगठ्यापर्यंत आग जायची. ती फिल्म होती मायलोग्रामची. त्या तपासणीत पाठीच्या कण्यात सुईनं औषध सोडतात, मग टेबल खाली-वर तिरपं करून ते औषध कुठे अडतं ते बघतात. माझं चौथ्या मणक्याशी अडलं.

ही साठच्या दशकातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो, आज सत्तरी उलटली आहे. ज्यांना असंच ऑपरेशन सांगितलं आहे त्यांनी हे वाचावं, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल कोणी नीट सांगत नाही. पण खरं कारण दुसरं आहे. माझ्या आजाराची जी हकिगत आमच्या घरात वीस-बावीस वर्षं सांगितली गेली, ती खोटी आहे.

दवाखाना खासगी होता, एका जुन्या बंगल्यात. आता तो नाही. नाव देत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टॉमी. मणक्याच्या मागच्या हाडाचा तुकडा काढून वाट करायची आणि सरकलेली गादी काढायची. ते व्यवस्थित झालं. शुद्धीवर आलो तेव्हा मांडीतली कळ गेली होती. मी रडलो. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टरांनी नियम सांगितला. तीन आठवडे सपाट पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, स्वतःहून कूस बदलायची नाही. दर दोन तासांनी दोघीजणी येऊन चादरीसकट वळवतील. याला लॉग रोल म्हणतात, म्हणजे लाकडाचा ओंडका लोळवावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं, पाठीला पीळ पडू द्यायचा नाही. खाटेच्या पायथ्याशी पाटी होती : दोघांशिवाय हलवू नये.

दुखणं सोसता येतं. झोप नसणं सोसता येत नाही. गादीखाली फळी, डोक्याखाली उशी नाही. जखमेपेक्षा टाचा जास्त दुखायच्या, मग ढुंगणाची हाडं, मग मान. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे रबराची नळी लावलेली. झोपेच्या गोळीनं तास-दीड तास गुंगी यायची आणि विहिरीतून वर ओढल्यासारखी जाग यायची. मग दिवस-रात्र सारखेच. मे महिन्यातलं नागपूर. खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या, त्यांच्यावर पाणी मारायचे, ते ठिबकायचं. मी थेंब मोजायचो. सातव्या-आठव्या दिवशी छताच्या भेगा हलताना दिसू लागल्या. मालतीशी मी इतकं वाईट बोललो की ती पदर तोंडाला लावून बाहेर जायची.

डॉक्टर म्हणाले, "येईल झोप. शरीर आपली झोप घेतंच." ते भले गृहस्थ होते, पण ते रात्री घरी जाऊन झोपत.

माझ्या खोलीवर अनुसयाबाई रामटेके नावाच्या आया होत्या. कुही या गावाकडच्या, चाळिशीच्या, विधवा. दोन मुलं आईकडे ठेवून नागपुरात कामाला आलेल्या. त्या आत आल्या की आधी बोलायच्या.

"काहून डोळे ताणून राहिले, बाबूजी? छताले भोकं पडतीन ना."

"झोप येत नाही, बाई."

"येत नाही तं नका बोलावू तिले. बोलावलं का रुसते ते. आता वळाचं आहे, ओंडका व्हा. ओंडक्याले दुखत नाही, मालूम आहे ना?"

दुसरी आया हसायची. चादरीची टोकं धरून अनुसयाबाई म्हणायच्या, "एक, दोन, आन् हा चालला साहेबाचा ओंडका." त्यांच्या हाताला माझी पाठ ठाऊक झाली होती. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवायची आणि टाचांखाली कापडाची कडी करून टाच अधांतरी ठेवायची, हे त्यांनी केलं. डॉक्टरांनी ते सांगितलं नव्हतं. तुमच्यावर वेळ आली तर हे दोन्ही करून घ्या. माझ्या सगळ्या दुखण्यात आराम वाटावा असं तेवढंच होतं.

अकराव्या दिवशी दुपारी मी नियम मोडला.

मालती डबा आणायला घरी, धरमपेठेत गेली होती. जेवणानंतर दवाखाना सुस्त असायचा. मला अचानक आठवलं की कचेरीत उन्हाळ्याच्या दुपारी मी उभ्यानंच, नकाशाच्या टेबलावर हातांची घडी घालून, त्यावर डोकं ठेवून पाच-दहा मिनिटं झोपत असे. आमच्या कचेरीत सगळेच ड्राफ्ट्समन तसे झोपत. खाटेशेजारी खिडकी होती. जुन्या बंगल्याच्या भिंती जाड, त्यामुळे खिडकीची कडा चांगली रुंद आणि बरोबर माझ्या टेबलाच्या उंचीची. मी कुशीवर वळलो, पाय खाली सोडले, रबराची नळी सांभाळली आणि उभा राहिलो. डोळ्यांपुढे काळोख आला. मग खिडकीत हातांवर डोकं टेकलं.

मी झोपलो. किती वेळ ते माहीत नाही, बहुधा दहा मिनिटं. तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही. जागा झालो आणि परत खाटेवर पडलो. कोणाला कळलं नाही.

बाराव्या दिवशी पुन्हा तेच. तेराव्या दिवशी झोपेत गुडघे वाकले. मागे कोसळलो. खाटेची लोखंडी कड पाठीत बसली. अर्धा खाटेवर, अर्धा लोंबकळत, असा मी अडकून राहिलो.

आवाजानं अनुसयाबाई आल्या. "अगा मायवं! हे काय केलं, बाबूजी?"

त्या दुसरीला हाक मारायला वळल्या. मी त्यांचं मनगट धरलं. "बाई, कोणाला बोलावू नका. डॉक्टर मला घरी पाठवतील. मालतीला कळलं तर ती जीव देईल."

"दोघीशिवाय हात लावाचा नाही तुमाले. पाटीवर लिहून आहे."

"तुमच्या पाया पडतो."

एवढा मोठा साहेब आपल्या पाया पडतो म्हणतो, याचीच त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी पाटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग कमरेला पदर खोचून एकटीनं मला वर घेतलं, जितकं जपून घेता येईल तितकं जपून. घामानं भिजल्या होत्या. "कोणाले नाही सांगत मी," म्हणाल्या. "पण आता तरी पडून राहान का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला. पट्टी ओली झाली. त्या पाण्याला सेरेब्रोस्पायनल फ्लुइड म्हणतात, म्हणजे मेंदू आणि कणा ज्या पाण्यात असतात ते पाणी. आतलं आवरण फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "डावं पाऊल वर उचला." मी उचललं असं मला वाटलं. पाऊल जागचं हललं नव्हतं.

खोलीत डॉक्टर होते, नर्सांची मुख्य म्हणजे मेट्रन होती, मालती होती. डॉक्टरांनी विचारलं, "यांना कोणी हलवलं? काल काय झालं?"

मालती माझ्याकडे बघत होती. तेरा दिवस तिनं माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी म्हणालो, "काल दुपारी बाई एकट्या होत्या."

एवढंच. मी खोटं बोललो नाही. बाई एकट्याच होत्या. मी त्या वाक्यात एकही चुकीची रेषा ओढली नाही, फक्त उरलेला नकाशा काढला नाही. हे वाक्य खरं होतं म्हणूनच त्याचा विटाळ आजवर धुतला जात नाही. उघड खोटं बोललो असतो तर कदाचित कोणीतरी पकडलं असतं.

अनुसयाबाईंना बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, "तू यांना एकटीनं उचललंस?"

"हो," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी सांगायचं होतं. त्यांनी वचन दिलं होतं ना, कोणाला सांगणार नाही म्हणून.

मेट्रन म्हणाली, "ह्यांना कितीही शिकवा." ह्यांना म्हणजे कोणाला, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अनुसयाबाईंनाही कळलं.

मी डोळे मिटले.

तेरा दिवस जी झोप हात जोडूनही येत नव्हती, तिचं सोंग मला त्या क्षणी बिनचूक जमलं. श्वास संथ सोडला. तोंड किंचित उघडं ठेवलं. मालती हळूच म्हणाली, "डॉक्टर, यांना झोप लागलीय. किती दिवसांनी. आपण बाहेर बोलू या ना." सगळे पाय न वाजवता बाहेर गेले. दार लोटलं गेलं. बाहेर अनुसयाबाईंना कामावरून काढलं, ते मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसरं ऑपरेशन झालं. अडीच महिने दवाखान्यात काढले. पाऊल परत आलं नाही. याला फूट ड्रॉप म्हणतात, पाऊल घोट्यातून खाली लोंबतं आणि चालताना फरफटतं. बुटाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी आधार लागला. कचेरीतलं काम सुटलं नाही, पण झोप कायमची सुटली. गोळ्या झाल्या, तेल झालं, जप झाला. दोन-अडीच तासांपलीकडे डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही विचाराल, यावर उपाय काय? मला माहीत नाही. मला सापडला नाही.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मालती माझ्या पायाची हकिगत सांगे. "त्या बाईनं एकटीनं उचललं हो. नाहीतर हे आज धावले असते." मी समोर बसून चहा पीत असे. मुलगा ती हकिगत ऐकत मोठा झाला. मालतीला खरं सांगावं असं कैकदा मनात आलं. ती चार वर्षांपूर्वी गेली. तिनं माझ्यासाठी एका निरपराध बाईचा जन्मभर द्वेष केला, आणि तो मी तिला करू दिला.

तिच्या वर्षश्राद्धानंतर मी कुहीला गेलो. गावाचं नाव अनुसयाबाईंच्या बोलण्यात यायचं, ते लक्षात होतं. बसस्टँडवर विचारत विचारत घर सापडलं. त्या अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांनी कमी दिसत असावं. माझं पाऊल फरफटलेलं ऐकून त्यांनी मान वर केली.

"बाबूजी का?"

त्यांच्या सुनेनं खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. पाठ करून गेलो होतो, तरी मध्ये मध्ये अडलो. त्यांचा हात सुपात चालूच होता. शेवटी म्हणाल्या, "हे मले काहून सांगून राहिले? मले तं मालूमच होतं ना."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तीन दिवस मी दवाखान्याच्या गेटपाशी बसली होती. वाटे, झोपेचं सोंग आहे, किती वेळ टिकन? बाबूजी आज उठतीन, उद्या उठतीन. बाईसाहेब डबा घेऊन याच्या, माह्याकडे पाहून थुंकाच्या." मग आपणच हसल्या. "चौथ्या दिवशी उठून आली. मंग कोणत्याच दवाखान्यानं घेतलं नाही. बिड्या वळल्या. पोरं झाले मोठे."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"माफीचं काय करू मी? सुपात घेऊ?" आवाज चढला नव्हता. "ज्याईले मालूम नाही त्याईले सांगा, बाबूजी. माह्या नावानं सांगा. अनुसया रामटेकेनं नाही पाडलं म्हणा."

डॉक्टर वारले. मेट्रनचा पत्ता नाही. मालती नाही. सांगायला उरले ते मुलगा आणि सून. मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं पेपरची घडी घातली. म्हणाला, "बाबा, आता कशाला? आई गेली. त्या बाईंचंही वय झालं असेल."

गेल्या आठवड्यात शेजारी एक नवं बिऱ्हाड आलं. ते गृहस्थ चहाला बसले होते, माझ्या बुटाकडे बघून त्यांनी विचारलं. सुनेनं सवयीनं सुरुवात केली, "ऑपरेशननंतर एका आयानं..." मी तिला थांबवलं. म्हणालो, "मी नियम मोडून उठलो आणि पडलो. मला उचलणाऱ्या बाईंचं नाव अनुसया रामटेके. मी त्यांची नोकरी घालवली."

त्या गृहस्थांनी उन्हाळ्याचा विषय काढला. सून कप उचलून आत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही, झोपही आली नाही. पण पाठीवर पडून असताना ज्यांनी मला तेरा दिवस सांभाळलं, त्यांचं नाव आमच्या बैठकीच्या खोलीत बावीस वर्षांनी पहिल्यांदा नीट उच्चारलं गेलं. तुम्ही खाटेला खिळलेले असाल आणि तुम्हाला कोणी दर दोन तासांनी वळवत असेल, तर त्यांचं पूर्ण नाव विचारून ठेवा. काही बिघडलं आणि डॉक्टरांनी विचारलं, तर आपण काय केलं ते आधी सांगा, डोळे उघडे ठेवून.